हौद्यात काय असतं?

बेलनॅपच्या खोऱ्यात कुणाला त्याच्या गाई किती, असं विचारत नाहीत. ते विचारणं म्हणजे समोरच्याच्या खिशात हात घालणं. बायकोचं वय विचारा, चर्चमध्ये प्रवचनाला डोळा लागला होता का ते विचारा, हवं तर कवळी दाखवायला सांगा, पण गाई विचारू नका. ओरिन हॅस्केटने बासष्ट वर्षं याच खोऱ्यात काढली होती आणि ही रीत त्याला फार आवडायची. आदल्या हिवाळ्यापासून तर जरा जास्तच.

कारण आदल्या पानगळीत त्याने आपल्या सगळ्या गाई विकल्या होत्या. गुडघे कामातून गेले होते, वरच्या कुरणातला चराईचा परवानाही गेला होता, आणि शेजारी वेन क्रंप रोख घेऊन दारात उभा होता. गाईंबरोबर ट्रॅक्टरही गेला. सगळ्या खोऱ्याला हे माहीत होतं. खोऱ्याने ते त्याच्यासमोर उच्चारलं मात्र नव्हतं. ओरिन रस्त्याने जाताना वेनच्या कुंपणाशी गाडी हळू करायचा आणि बायकोला म्हणायचा, "आपली ती पांढऱ्या तोंडाची बघ, लंगडतेय." मार्वा खिडकीबाहेर बघायची आणि "हं" म्हणायची.

फेब्रुवारीत ओढ्यात बर्फ तुंबलं आणि पूल वाहून गेला. नवा ऑगस्टमध्ये होईल, असं सरकारी उत्तर आलं. हॅस्केटांचं घर ओढ्याच्या वरच्या अंगाला. गावात जायचं तर आता पाण्यातून, गोटे तुडवत. आणि दारात होती ती वीस वर्षांची जुनी पिकअप. आयुष्यभर हौद्यात गवताच्या गाठी वाहून तिच्या मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे चेपले होते, बूड खाली आलं होतं, आणि मागचा हूक प्रत्येक गोट्यावर खरवडत जायचा.

एरवी ओरिनने ऑगस्टपर्यंत कळ काढली असती. पण मुलगी बाळंतपणाला आली होती. जनेलचा नवरा नेवाडाच्या खाणीत पाळीवर, त्यामुळे ती आईकडे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की बाळ पायाळू आहे. कळा सुरू झाल्या की घरी थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल. तारीख जूनच्या मध्यात होती. जून लागताच जनेलला गावातल्या मावशीकडे हलवायचं, असं ठरलं. पण बाळं तारखेला येतात कुठे? म्हणून एप्रिलमध्ये ओरिन गाडीचं मागचं अंग उचलून घ्यायला हायरम पेकच्या दुकानात गेला.

हायरम गाड्यांचे पाटे विकायचा, बसवायचा. शिवाय गावची ॲम्ब्युलन्स चालवायचा आणि रविवारी चर्चमध्ये हॅस्केटांच्या मागच्याच बाकावर बसून बेसूर गायचा. दुकानातल्या शेगडीशी वेन क्रंप सोड्याच्या डब्यातून घोट घेत शेकत उभा होता. ओरिनने त्याला मानेनेच नमस्कार केला.

"हायरम, मागून चार इंच उचलायचीय. एक्सलवर ठोकळे घाल आणि मोकळा हो."

"ठोकळे?" हायरमने चष्मा कपाळावर सरकवला. "तुझे पाटे आधीच मेलेत, त्यांच्याखाली ठोकळे घालून तुला ओढ्यात पाठवू? ठोकळा सटकला म्हणजे मग रविवारी मार्वाला तोंड कुठलं दाखवू? नवे पाटे घे."

"बरं, दे नवे. एवढं काय त्यात."

हायरमने मागच्या खोलीतून दोन पाटे ओढत आणले आणि फरशीवर शेजारी शेजारी ठेवले.

"दोन्ही चार इंच उचलतात. पण हा बघ, पातळ पट्ट्यांचा. सात आहेत. गाडी रिकामी असली तरी हा लवतो. चाक दगडावर चढलं तर चाकच चढतं, सगळी गाडी चढत नाही. आणि हा जाड पट्ट्यांचा. दीड टन घाल वर, हूं की चूं करणार नाही. पण रिकाम्या गाडीखाली हा पाटा नाही, लोखंडी बाकडं आहे." तो पायाने जाड पाट्याला टोचत राहिला आणि ओरिनकडे न बघता म्हणाला, "तेव्हा सांग, हौद्यात काय असतं?"

प्रश्न साधा होता. पाटे विकणारा प्रत्येक माणूस हेच विचारतो. पण शेगडीशी वेन उभा होता, आणि ओरिनच्या कानांना तो प्रश्न भलताच ऐकू आला: गाई किती? त्याच्या मानेवरून गरम काहीतरी चढत कानापर्यंत गेलं.

"गवत," तो म्हणाला. "आणि गाईंचं मीठ. टनभर तरी. रोज."

वेनने सोड्याच्या डब्यात डोकावून पाहिलं, जणू तळाशी काही लिहिलंय. हायरमने नाक चोळलं.

"रोज," तो म्हणाला.

"मग काय सांगतोय मी?"

"बरं. मग जाड घे."

झालं. एकाने खोटं सांगितलं आणि दोघांनी ते सभ्यपणे गिळलं. गाई कुठे आहेत रे तुझ्या, एवढे पाच शब्द हायरमने उच्चारले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण हायरमही त्याच खोऱ्यातला.

तिथे आणखी थांबायला नको म्हणून ओरिनने पाटे घरी नेऊन स्वतःच बसवले. नवे यू-बोल्ट घातले, चाकं जमिनीवर टेकवून मगच शेवटचे नट आवळले. कामात तो कच्चा नव्हता. गाडी मागून अशी काही उंच झाली की मार्वा ओट्यावरून बघतच राहिली.

"ही उभी आहे की कुणाच्या अंगावर धावून जाणार आहे?"

"बस, चक्कर मारून आणतो."

चक्कर मारून आल्यावर मार्वाने आधी जबडा चाचपून पाहिला. "माझे दात सगळे जागेवर आहेत का बघ रे."

"नवे आहेत. पाटे बसायला वेळ लागतो."

"बसायला वर काहीतरी असावं लागतं, ओरिन."

तो बोनेट उघडून त्यात डोकं घालून उभा राहिला. त्याला तिचं म्हणणं कळलं होतं, आणि म्हणूनच त्याला तिचा राग आला. त्यानंतर तो दोन-तीनदा ओढा ओलांडून गेला. पाणी तेव्हा घोट्याच्या वर होतं इतकंच. हूक आता खरवडत नव्हता. पण गोट्यांवर मागचं अंग टणाटण उडायचं, एकदा तर चाक नुसतंच गरगरलं. चिखल होता, असं त्याने स्वतःला समजावलं.

मे महिना सरता सरता ऊन तापलं आणि वरच्या डोंगरावरचं बर्फ सुटलं. या दिवसांत ओढ्याचं वागणं उलटं असतं. सकाळी गुडघाभर, आणि दिवसभर वितळलेलं पाणी उतरून पोचलं की संध्याकाळी कमरेच्या वर. जनेलला शनिवारी मावशीकडे न्यायचं होतं. गुरुवारी दुपारी, बटाट्याची ताटं अजून टेबलावर असताना, ती खुर्ची धरून उभी राहिली.

"मॉम," ती म्हणाली. "हे नुसतं दुखणं नाहीये."

मार्वाने तिच्या पोटावर हात ठेवला, थांबली, पुन्हा ठेवला. मग फोनकडे गेली. ओरिन चाव्या शोधू लागला. चाव्या त्याच्या हातातच होत्या.

ते ओढ्यावर पोचले तेव्हा पलीकडे ॲम्ब्युलन्स येऊन उभी होती. बुटकी गाडी, ती पाण्यात उतरणं शक्यच नव्हतं. हायरम नारिंगी जाकीट घालून काठाशी आला होता आणि त्याच्याबरोबर मदतीला वेन क्रंप होता. खोऱ्यात ॲम्ब्युलन्सवर कोण येणार? जो फोनजवळ असेल तो. पाणी दुधाळ आणि गढूळ झालं होतं, आणि तळाशी गोटे एकमेकांवर आपटल्याचा आवाज काठावरही ऐकू येत होता. माणसाने चालत जायचं नाव काढायला नको.

"जाईल ना, डॅड?" जनेलने विचारलं. ती दोघांच्या मध्ये बसली होती.

"त्यासाठीच तर उचललीय."

त्याने सगळ्यात खालचा गियर टाकला आणि पुढची चाकं पाण्यात घातली. सुरुवात बरी झाली. पुढचं अंग शहाण्यासारखं चाललं. पाणी बंपरला लागलं, दारांशी आलं. मध्याच्या जरा अलीकडे मागचं उजवं चाक गोट्यावर चढलं. पाटा लवायला हवा होता. तो लवला नाही. त्याच्याऐवजी सगळी गाडी कलली, डावं चाक तळ सोडून वर आलं आणि पाण्यात नुसतं फिरू लागलं. मग दोन्ही चाकं टणकन उडाली आणि मागचं अंग प्रवाहाबरोबर हातभर खाली सरकलं.

"ओरिन," मार्वा म्हणाली. एवढंच.

त्याने पाय किंचित दाबला. मागचं आणखी सरकलं. खालच्या अंगाला पाच-सहा पावलांवर डोह होता, आणि त्यात जुन्या पुलाच्या तुळया अडकल्या होत्या. त्याला त्या आरशात दिसत होत्या. जनेलला नेमकी तेव्हाच कळ आली. तिने ओरडायचं टाळलं आणि डॅशबोर्ड एवढ्या जोराने धरला की तिची बोटं पांढरी पडली. तिचं न ओरडणं त्याला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

त्याने रिव्हर्स टाकला. चाक फिरलं, फिरलं, आणि कुठेतरी वाळूत धरलं. आलेल्या वाटेने गाडी मागे मागे येत काठाला लागली. ओरिनचा शर्ट पाठीला चिकटला होता. काठावरच्या ज्या दगडाला आता पाणी लागत होतं तो ते आले तेव्हा कोरडा होता.

तो खाली उतरला. पलीकडून हायरमने तोंडाशी दोन्ही हात धरले.

"ओरिन! हौद्यात काय आहे?"

पुन्हा तेच. ओरिन हौद्याकडे बघत उभा राहिला. त्यात एक फावडं होतं आणि गेल्या वर्षीच्या गवताच्या चार काड्या. पलीकडे हायरमच्या खांद्याशी वेन उभा होता, आणि या वेळी त्याच्या हातात डोकावायला सोड्याचा डबाही नव्हता. ओरिनला लाज वाटली, मरणाची लाज वाटली, आणि त्याहून जास्त या गोष्टीची वाटली की मुलगी गाडीत तळमळतेय आणि आपल्याला अजून लाजच वाटतेय.

"काही नाही!" तो ओरडला.

पाण्याच्या आवाजात ते बुडालं. हायरमने कानामागे हात धरला. "काय?"

एकदा सांगून भागलं असतं तर काय हवं होतं!

"काही नाही!" ओरिन फुप्फुस फाटेस्तोवर ओरडला. "रिकामा आहे! गाईच नाहीत माझ्याकडे, हायरम! एकसुद्धा नाही! सगळ्या विकल्या!"

दोन्ही काठांवर सगळ्यांनी ऐकलं. आभाळ कोसळलं नाही. हायरमने मानसुद्धा हलवली नाही, पुढचंच ओरडला, "मग वजन घाल! अर्धा टन तरी! एक्सलच्या मागे, हौद्याच्या मागच्या झडपेला लावून! आणि पटकन कर, पाणी थांबायचं नाही!"

अर्धा टन. दगड गोळा करायचे तर संध्याकाळ झाली असती. ओरिनने काठावरच्या शेडकडे पाहिलं. थंडीत गाईंना तिथे चारा घालायचे. तो क्षणभर घुटमळला, मग गाडी उलटी घालून शेडच्या दाराला लावली, आत गेला आणि कोपऱ्यातली ताडपत्री ओढली.

खाली मिठाचे ठोकळे रचलेले होते. गाई चाटतात ते, चौकोनी, लालसर, एकेक पन्नास पौंडांचा. कोपराएवढ्या उंचीपर्यंत व्यवस्थित रांगा.

मार्वा मागून आली होती. "हे तर गाईंबरोबर गेलं म्हणाला होतास."

ओरिनने पहिला ठोकळा उचलला. गुडघ्यातून कळ गेली. त्याने तो मागच्या झडपेशी ठेवला.

"पुढच्या वर्षीसाठी ठेवलं होतंस?"

"हो."

"मूर्ख आहेस," मार्वा म्हणाली, पदरात लेकरू घ्यावं तसा एक ठोकळा छातीशी उचलून घेतला आणि हौद्यात टाकला. "चल, हात चालव."

ती अठ्ठावन्नची, तो बासष्टचा. ती उचलायची, तो सरकवायचा. मग तो उचलायचा. केबिनमधून जनेलचा श्वास ऐकू येत होता, आधी लांब लांब, मग तुटका. एकदा तो आवाज थांबला आणि दोघेही ठोकळे धरून जागच्या जागी उभे राहिले. मग तो पुन्हा सुरू झाला. मिठाने ओरिनचे सोलवटलेले तळहात झोंबत होते. आरशात बघायची गरज नव्हती. गाडीचं बूड हळूहळू खाली येताना डोळ्यांना दिसत होतं.

"पुरे," तो शेवटी म्हणाला, कारण ठोकळे संपले होते.

दुसऱ्यांदा पाण्यात उतरताना पाणी दाराच्या खालच्या कडेवर आलं होतं. पायांशी ओल झिरपू लागली. मध्याच्या अलीकडे, त्याच जागी, मागचं उजवं चाक त्याच गोट्यावर चढलं. मागून एक जड, बसका आवाज आला, कण्हल्यासारखा. पाटा लवला होता. डावं चाक तळाला चिकटून राहिलं. गाडी गोट्यावरून उतरली आणि पुढच्या गोट्यावर चढली.

"चालतेय," मार्वा म्हणाली.

"बोलू नकोस."

"बरं."

मध्यावर प्रवाहाने दाबलं तसं मागचं अंग थोडं सरकलं, स्थिरावलं, पुन्हा चालू लागलं. एका जागी चाकं नुसती फिरली, पण वरच्या वजनाने ती खाली रुतली आणि त्यांनी वाळू धरली. मग पुढची चाकं चढावर आली. वेन मांडीभर पाण्यात उतरून आधीच उभा होता. त्याने दाराची मूठ धरली आणि गाडीबरोबर धावत काठावर आला, जणू तोच तिला ओढून आणत होता.

जनेलला स्ट्रेचरवर घेताना तिने बापाचा हात पकडून ओठांना लावला. "डॅड, हात खारट झालाय तुझा." मग दार लागलं. मार्वा आत बसली.

हायरम चालकाच्या दारापाशी क्षणभर थांबला. त्याने वाकून पिकअपच्या मागच्या चाकाआड पाहिलं.

"बसले," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं ना रे?"

"सगळ्या गावाला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलू दिलंस?" हायरमने दार ओढून घेतलं. "पण मी बोलायला हवं होतं. चल, मागून ये."

ओरिन अर्धा टन मीठ घेऊन हॉस्पिटलपर्यंत मागून गेला. अंधार पडायच्या आधी मार्वा पायऱ्यांवर आली. पोट उघडून बाळ काढावं लागलं होतं. मुलगी होती. नाळ मानेभोवती होती, आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. जनेल ठीक होती. ओरिन पायरीवर बसला आणि रडला. आपलं रडणं कोण बघतंय, हे त्याने पाहिलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात, जनेलला घरी आणायच्या आदल्या दिवशी, तो हायरमच्या दुकानात गेला. मीठ अजून हौद्यातच होतं; रोज पहाटे, पाणी उतरलेलं असताना, तो त्याच वजनावर ओढा ओलांडत होता. शेगडी आता बंद होती, तरी वेन सवयीने तिच्याशीच उभा होता. आणखी दोघंतिघं होते.

"पातळ पट्ट्यांचे बसवून दे, आजच," ओरिन म्हणाला. "सातवाले."

हायरमने चष्मा कपाळावर सरकवला. त्याला उत्तर माहीत होतं. तरी त्याने विचारलं, आणि या वेळी सरळ ओरिनच्या डोळ्यांत बघून विचारलं. "हौद्यात काय असतं?"

"किराणा. उद्या पाळणा असेल." ओरिनने टोपी काढून काउंटरवर ठेवली. "एरवी काही नसतं."

"बरं," हायरम म्हणाला आणि पाटे आणायला आत गेला.

ओरिन शेगडीकडे वळला. "वेन, तुझी गाडी माझ्या गाडीला लाव. मीठ आहे. घेऊन जा."

"किती देऊ त्याचे?"

"काही नको. तुझ्या गाईंना लागेल."

वेनने त्याच्याकडे पाहिलं. बाकीच्यांपैकी कुणी डब्यात डोकावलं नाही. मग वेन बाहेर गेला आणि त्याने गाडी उलटी लावली. दोघांनी मिळून ठोकळे एका हौद्यातून दुसऱ्यात सरकवायला सुरुवात केली. एकेक उतरत गेला तसं ओरिनच्या पिकअपचं बूड वर येत गेलं.

"ती पांढऱ्या तोंडाची अजून लंगडते का?" ओरिनने विचारलं.

"मागचा डावा खूर आहे," वेन म्हणाला. "येऊन बघ ना एकदा. तुला कळेल."

"रविवारी येतो," ओरिन म्हणाला, आणि शेवटचा ठोकळा त्याच्याकडे सरकवला.